विश्लेषण : नाशिकभोवतीच्या पाटाच्या वाटांवर सायकल चालवायला परवानगी नेमकी कुणाची?

रविवारी पहाटे साडेपाचला मुंबई नाक्यावर उभे राहिलात तर मागे लाल दिवा लुकलुकणाऱ्या सायकलींचे घोळके दिसतील. कुणी आडगावमार्गे ओझर-पिंपळगावकडे निघालेले असते, तर कुणी घोटीकडे. नाशिकला सायकलचे वेड नवे नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेचा पश्चिम किनारा ते पूर्व किनारा अशी जवळपास ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या गटात पूर्ण केली. अशी कामगिरी करणारा तो पहिला भारतीय संघ होता. त्या वेळी नाशिकला नियुक्तीवर असलेले लष्करातील डॉक्टर श्रीनिवास गोकुलनाथ यांनी २०१७ मध्ये हीच शर्यत एकट्याने पूर्ण केली. दर आषाढीला नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी जाते. एवढे सगळे असले तरी सराव मात्र बहुतेकांचा होतो तो महामार्गावरच.

गेल्या थंडीत ओझरच्या अलीकडे एका कंटेनरचा आरसा माझ्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून गेला. चालकाला मी दिसलोही नसेन. मी सायकल बाजूला घेऊन दहा मिनिटे नुसता बसून राहिलो आणि मग सर्व्हिस रोडने घरी परत आलो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यात सायकलस्वार पाच हजारांच्या आसपास होते. त्यातले बहुतेक हेल्मेट घालून सरावाला निघालेले हौशी नसतात, कामावर जाणारे असतात, हेही इथे सांगायला हवे.

गंमत अशी की याच महामार्गापासून थोड्या अंतरावर ट्रॅफिक जवळजवळ नसलेल्या मुरमाच्या वाटा आहेत. कालव्यांच्या भरावावरून, धरणांच्या फुगवट्याच्या कडेने आणि जंगलातून त्या जातात. सलग नसल्या तरी सगळ्या मिळून त्या शेकडो किलोमीटर भरतील. अशा कच्च्या वाटांवरच्या सायकलिंगला जगभर ‘ग्रॅव्हल सायकलिंग’ म्हणतात आणि गेल्या काही वर्षांत नाशिकचेही अनेक सायकलस्वार तिकडे वळले आहेत. मात्र या वाटा सार्वजनिक रस्ते नाहीत. त्या कुणाच्या आहेत, तिथे जाता येते का आणि जायचे तर कसे, हे समजून घेऊ.

ग्रॅव्हल सायकलिंग म्हणजे नेमके काय?

डांबरी रस्त्यावरच्या रेसिंग सायकलचे टायर साधारण २५ ते २८ मिलिमीटर रुंद असतात. डोंगरात चालवायच्या माउंटन बाइकचे टायर त्याच्या दुपटीहून जाड. या दोघींच्या मधली ती ग्रॅव्हल सायकल. हँडल रेसिंग सायकलसारखे खाली वळलेले, टायर ३५ ते ५० मिलिमीटर, डिस्क ब्रेक आणि चढासाठी हलके गिअर.

क्रीडाप्रकार म्हणून तिचे नाव झाले ते अमेरिकेत. कॅन्सस राज्यातल्या एम्पोरिया या छोट्या गावात २००६ मध्ये सुमारे २०० मैलांची शर्यत सुरू झाली. आज ती ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ म्हणून ओळखली जाते. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने, म्हणजे यूसीआयने, ग्रॅव्हलची पहिली जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये इटलीत घेतली. कल्पना मात्र जुनी आहे. आडवाटांनी सायकल नेणाऱ्या हौशी लोकांनी ‘रफ स्टफ फेलोशिप’ नावाचे मंडळ इंग्लंडमध्ये १९५५ मध्येच काढले होते.

आणि आपल्याकडे? गावोगावच्या दूधवाल्याची काळी, दांडीची सायकल आठवा. तिच्या टायरवर २८ गुणिले दीड इंच असे छापलेले असते. हे मिलिमीटरमध्ये साधारण ४० भरते. आज लाखाच्या पुढे किंमत सांगणाऱ्या परदेशी ग्रॅव्हल सायकलींवरही नेमके तेवढ्याच रुंदीचे टायर असतात. दोन कॅन लटकवून पाटाच्या वाटेने डेअरी गाठणाऱ्यांनी हा खेळ कधीच सुरू केला होता, फक्त त्याला नाव नव्हते.

नाशिकभोवतीच इतक्या मुरमाच्या वाटा कशा?

याचे उत्तर पावसात आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेला इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेला सिन्नर, निफाड, येवल्याकडे त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका. म्हणून पाणी पश्चिमेला अडवायचे आणि कालव्याने पूर्वेला न्यायचे, हे काम इथे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी दारणा धरण बांधले आणि गोदावरी-कादवा संगमावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा घातला. तिथून गोदावरीचा डावा आणि उजवा असे दोन कालवे निघून कोपरगाव-राहात्याकडे जातात. स्वातंत्र्यानंतर गंगापूर झाले, मग पालखेड, वाघाड, ओझरखेड, करंजवण, काश्यपी, मुकणे अशी रांगच लागली. नांदूर मधमेश्वर जलद कालवा तर पाणी थेट वैजापूर-गंगापूर तालुक्यांपर्यंत नेतो.

प्रत्येक मुख्य कालव्याला देखभालीसाठी एक सेवा रस्ता लागतो. गळती कुठे आहे, भराव कुठे खचला, कुणी परस्पर पाणी उचलले का, हे बघत कर्मचाऱ्याला कालव्याच्या कडेने जाता आले पाहिजे. पूर्वी साहेब लोक हीच पाहणी घोड्यावरून करत, आता जीप नाहीतर मोटारसायकल असते. रस्ता सहसा उताराच्या बाजूच्या भरावावर असतो आणि त्यावर मुरूम टाकलेला असतो.

आता थोडे इंजिनीअरिंग, कारण सायकलस्वाराचा फायदा त्यातच आहे. पाणी स्वतःच्या वजनाने वाहावे, पण जोराने वाहून कालवा खरवडू नये, म्हणून कालव्याला अगदी नाममात्र उतार देतात. समजा पाच हजार मीटरला एक मीटर. म्हणजे वीस किलोमीटर गेलात तर उतरलात फक्त चार मीटर. तेवढा उतार टिकवायचा तर कालव्याला टेकडीला वळसे घालत समपातळी रेषेच्या कलाने जावे लागते. त्यामुळे त्याच्या कडेची वाट भरपूर वळते, पण चढत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहून तासन् तास सपाटीवर सायकल चालवायला मिळणे ही कालवा खोदणाऱ्यांची कृपा आहे.

मुरूम म्हणजे कुजलेला, झिजलेला काळा पाषाण. त्यात बारीक खडी असते आणि तिला धरून ठेवणारी थोडी मातीही. दाबला की तो घट्ट बसतो आणि पावसाचे पाणी अंगावर ठेवत नाही. शेजारच्या शेतातली काळी माती याच्या नेमकी उलट. ती पाणी पिऊन फुगते. जुलैत तिच्यात सायकल घातली तर पन्नास मीटरवर दोन्ही चाके ब्रेकपाशी माती धरून ठप्प होतात आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. हा स्वानुभव आहे, दोनदा घेतलेला.

जायचे कुठे?

सगळ्यात जवळचा पट्टा गंगापूर धरणाच्या मागचा. गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे, गोवर्धन ओलांडले की गर्दी विरळ होते आणि द्राक्षबागा सुरू होतात. टोमॅटोच्या बाजारासाठी माहीत असलेल्या गिरणाऱ्यापर्यंत डांबर आहे. तिथून धोंडेगाव, काश्यपी धरण आणि पुढे वाघेऱ्याकडे जाताना गावांना आणि मळ्यांना जोडणाऱ्या कच्च्या वाटा फुटत राहतात. एका बाजूला फुगवट्याचे पाणी, समोर अंजनेरी आणि ब्रह्मगिरीची रांग. हा टापू चढउतारांचा आहे, कालव्यासारखा सपाट नाही. पहिल्याच दिवशी घरच्यांना घेऊन जाऊ नका.

इगतपुरी तालुक्यातला मुकणे, दारणा, भाम, भावलीचा परिसर पाण्यासाठी आणि भातशेतीसाठी सुंदर आहे. पण तिथला पाऊस लक्षात घेता नोव्हेंबरच्या आधी कच्च्या वाटा वाळलेल्या नसतात.

ज्यांना सपाट आणि लांब हवे त्यांनी पूर्वेला जावे. दिंडोरी, निफाड, येवला या तालुक्यांत पालखेड आणि वाघाडच्या कालव्यांचे जाळे आहे. निफाड स्टेशन मनमाडच्या मार्गावर आहे. त्याच तालुक्यात नांदूर मधमेश्वरचे पक्षी अभयारण्य आहे. जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेले हे महाराष्ट्रातले पहिले रामसर पाणथळ क्षेत्र. हिवाळ्यात चापडगावच्या बाजूला क्रौंच, बदके आणि इतर पाहुणे पक्षी उतरलेले असतात. त्याच्याही पुढे येवल्याच्या माळावर ममदापूरचे काळविटांसाठी राखलेले संवर्धन क्षेत्र आहे. तिथे झाडी कमी आणि गवताळ रान जास्त.

मग या वाटा कुणाच्या?

खरा प्रश्न हाच आहे, आणि तो मला एका पाटकऱ्याने विचारायला लावला.

एका कालव्याच्या कडेने सकाळी आठच्या सुमारास आम्ही तिघे चाललो होतो. कालव्याचे आवर्तन चालू होते, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडलेले होते. गेटपाशी मोटारसायकल लावून साठीकडे झुकलेले एक काका उभे होते. आम्हाला हात करून थांबवले.

“कुठून आले भाऊ तुम्ही?”

“नाशिकहून, काका. पुढे कुठवर जातो हा रस्ता?”

“रस्ता नाही हा. पाटाचा बांध आहे. माझ्याकडे बारा किलोमीटर आहे हा.”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मग त्यांनी मागच्या रविवारची गोष्ट सांगितली. सायकलवालेच होते, वीसेक जण. वाट आडवणारी लोखंडी साखळी त्यांनी काढली आणि तशीच टाकून गेले. त्यामागून उसाचा ट्रॅक्टर घुसला, त्याच्या वजनाने भरावाची कड बसली आणि साहेबांचा फोन त्यांना आला. “तुमच्या सायकलीने पाटाला काय होतंय? पण साखळी काढली तर लावायला नको का?” आमच्यापैकी एकाने घाईघाईने सांगितले की ते आम्ही नव्हतो. काकांनी मान डोलावली आणि विचारले, “मग त्यांना सांगाल का?” आमच्याकडे याला उत्तर नव्हते, कारण त्या ग्रुपमध्ये आम्ही नसलो तरी त्यातल्या निम्म्या लोकांना ओळखत होतो.

कागदावरची स्थिती अशी आहे. मुख्य कालवा, त्याचा भराव आणि त्यावरचा सेवा रस्ता ही जलसंपदा विभागाची मालमत्ता. ती महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ खाली येते. भराव, गेट वा इतर बांधकामाला इजा करणे हा त्यात गुन्हा आहे. हा रस्ता कालव्याच्या कामासाठी आहे, तुमच्या-माझ्या जाण्यायेण्यासाठी नाही. गावकरी त्यावरून वर्षानुवर्षे जातात, काही ठिकाणी तर वस्तीला दुसरी वाटच नाही, आणि खाते त्याकडे काणाडोळा करते. सायकलस्वार जातो तो याच काणाडोळ्याच्या आधारावर. धरणाच्या भिंतीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे सुरक्षेसाठी प्रवेशबंदी असते आणि पहारेकऱ्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

फुगवट्याच्या कडेची गोष्ट अनेकांना माहीत नसते. फेब्रुवारीनंतर धरणाचे पाणी मागे सरकते आणि मोठी मोकळी जमीन उघडी पडते. गुगल मॅपच्या उपग्रह चित्रात ती पडीक दिसते, पण बऱ्याच ठिकाणी तिथे गाळपेर होते. म्हणजे धरणासाठी संपादित झालेल्या, उघड्या पडलेल्या गाळाच्या जमिनीवर शेतकरी त्या हंगामापुरते पीक घेतात. तुम्ही ज्याला किनारा समजून सायकल घातली तो कुणाचा तरी हरभरा असू शकतो.

जंगलात नियम कडक आहेत. राखीव वनात विनापरवाना शिरणे भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा ठरतो. अभयारण्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि तिथे परवानगीशिवाय प्रवेश नाही. जंगलात झाडोरा साफ करून काढलेले रुंद पट्टे दिसतात, ते सायकलसाठी आयते वाटतात. त्या जाळरेषा आहेत, वणवा एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून वन विभागाने काढलेल्या. वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारून, कुठल्या वाटेने जाणार ते सांगून गेलेले बरे. गावातून गावात जाणारा वहिवाटीचा रस्ता जंगलातून जात असेल तर सहसा अडचण येत नाही, पण त्यावरून खाली उतरायचे नाही.

मग परवानगी मागायची तर कुणाकडे? मुख्य कालव्यासाठी संबंधित शाखा किंवा उपविभागीय कार्यालयाकडे. पण नाशिक जिल्ह्यात आणखी एक दार आहे आणि ते दुसरीकडे सहज सापडत नाही. दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला, ओझर परिसरात पाणी पोहोचत नव्हते. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र करून पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पाचे सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या संस्थांकडे आले. देशात याचे उदाहरण म्हणून दाखले दिले जातात. २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा स्वतंत्र कायदाही केला. जिथे अशा संस्था काम करतात तिथे पाणीवाटप आणि चाऱ्यांची देखभाल त्याच बघतात. त्यांचे कार्यालय गावात असते, अध्यक्ष शेतकरी असतो आणि त्याला भेटायला मुंबईची फाइल लागत नाही.

सायकल क्लबांनी या संस्थांशी बोलायला हवे, असे मला वाटते. लेखी करार वगैरे लगेच नको. कोणत्या महिन्यात आलेले चालेल, कोणता तुकडा टाळायचा, वीस जण येणार असतील तर आधी फोन कुणाला करायचा, एवढे ठरले तरी पुष्कळ. आज यातले काहीच ठरलेले नाही. एखाद्या रविवारी एखादा अपघात झाला तर दुसऱ्या दिवशी वाटेवर कुलूप लागेल आणि खात्याला त्यासाठी कुणालाही विचारावे लागणार नाही.

ज्यांनी कालव्याची वाट राखली त्यांनी काय केले?

अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ चेसापीक-ओहायो नावाचा जुना कालवा आहे. त्याच्या काठाने नावा ओढणाऱ्या खेचरांसाठी १८४.५ मैलांची, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटरची कच्ची वाट होती. नावा बंद पडल्यावर त्या जागेवर मोटारींसाठी रस्ता करण्याचा प्रस्ताव आला आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखातून त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना जाहीर आव्हान दिले की माझ्यासोबत ही वाट चालून बघा आणि मग लिहा. मार्च १९५४ मध्ये ते खरोखर निघाले. सोबत पत्रकार आणि निसर्गप्रेमी होते. आठ दिवसांनी वॉशिंग्टनला पोहोचेपर्यंत अगदी मोजके लोक पूर्ण अंतर चालले होते, पण वृत्तपत्राने भूमिका बदलली. १९७१ मध्ये त्या कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला. आज त्या वाटेवर दूरवरचे सायकलस्वार तंबू घेऊन येतात. डांबर अजूनही नाही.

आपली तुलना पूर्ण जुळत नाही, कारण तो कालवा बंद पडलेला होता आणि आपले कालवे चालू आहेत. इथे पहिला हक्क पाण्याचा आणि शेतकऱ्याचा आहे. पण आपल्याकडे सायकलसाठी वेगळे मार्ग बांधण्याचे जे प्रयोग झाले तेही बघा. उत्तर प्रदेशात २०१६ मध्ये इटावा ते आग्रा असा २०७ किलोमीटरचा सायकल महामार्ग गाजावाजा करून खुला झाला आणि काही वर्षांतच अतिक्रमणे आणि दुरवस्थेच्या बातम्या येऊ लागल्या. कालव्याच्या कडेची वाट मात्र आधीपासून आहे आणि पाण्याच्या गरजेपोटी तिची देखभालही होतेच.

ती किती काळ राहील हे सांगता येत नाही. नवी वितरण व्यवस्था बंद नलिकेतून करण्याकडे शासनाचा कल आहे. पाणीबचतीच्या दृष्टीने ते योग्यही आहे, पण जमिनीखालच्या नलिकेला काठ नसतो. सिंहस्थाच्या तयारीत नाशिकभोवतीचे रस्ते रुंद होत आहेत. समृद्धी महामार्गावर तर सायकललाच काय, मोटारसायकललाही प्रवेश नाही. आणि शहराच्या आत काय झाले याची खूण जेलरोडला आहे. तिथे ‘कॅनॉल रोड’ हे नाव उरले आहे.

सायकल कोणती, हवा किती?

नवी घ्यायलाच हवी असे नाही. बाजारात हायब्रीड म्हणून मिळणाऱ्या सायकलीला ३५ ते ४० मिलिमीटरचे टायर बसतात आणि पाटाच्या वाटेला तेवढे पुरतात. महत्त्वाची आहे ती हवा. रस्त्यावर ८०-९० पीएसआय भरण्याची सवय असते. मुरमावर तेवढी हवा ठेवली तर चाक खड्यावरून खड्यावर उडत राहते, पकड जाते आणि मनगटे दुखतात. ४० मिलिमीटरच्या टायरला वजनानुसार ३० ते ४० पुरते. आत ट्यूब असेल तर फार खाली जाऊ नका. दगडावर आदळताच ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटून दोन भोके पडतात.

खरा शत्रू सराटा. हिवाळ्यात वाळून वाटेवर पसरतो आणि कुठल्याही बाजूने पडला तरी एक काटा वर असतोच. त्यात बाभळीचे काटे. एका सकाळी माझ्या मागच्या टायरमधून मी सात काढले. ट्यूबलेस टायरमध्ये घालतात तो द्रव अशी बारीक भोके फिरता फिरता बुजवतो. ते परवडत नसेल तर दोन जादा ट्यूब, पॅच आणि हातपंप. पाटावर पंक्चरवाला नसतो.

धोका कशाचा?

ट्रॅफिकचा नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. सगळ्यात मोठा धोका पाण्याचा आहे आणि तो दिसत नाही. काँक्रीटचे अस्तर केलेल्या कालव्याच्या बाजू तिरप्या असतात, त्यावर शेवाळ असते आणि आवर्तन चालू असताना पाणी वेगाने जात असते. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्या बाजूवरून वर चढता येत नाही. सायकल धुवायला, तोंडावर पाणी मारायला, फोटो काढायला कडेला उतरू नका. कुणी पडलेच तर मागोमाग उडी मारू नका. दोरी, ओढणी, जोडलेल्या दोन ट्यूबा, जे असेल ते फेका आणि पुढच्या गेटकडे धावा. वाट अरुंद असेल तिथे पाण्यापासून दूरच्या चाकोरीतून एकामागे एक चला.

बिबट्याची भीती सगळे विचारतात. निफाड-सिन्नरच्या ऊस पट्ट्यात तो आहे, धरणांच्या फुगवट्याकडेही आहे. त्याची हालचाल प्रामुख्याने रात्री आणि झुंजुमुंजूला असते. म्हणून महामार्गावरची पहाटे पाचची सवय इथे सोडा, उजाडल्यावर निघा आणि एकटे जाऊ नका. मला स्वतःला आजवर त्रास झाला तो मेंढरांच्या कळपासोबतच्या कुत्र्यांचा. सायकलवरून उतरून, सायकल मध्ये धरून सावकाश चालत गेले की ती शांत होतात. आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर द्राक्षबागांत ब्लोअरने औषध फवारणी सुरू असते. ट्रॅक्टरचा आवाज आणि पांढरा धुरकट पट्टा दिसला तर वाऱ्याची दिशा बघून थांबा, त्यातून जाऊ नका. जानेवारी ते मार्च काढणीचे दिवस, तेव्हा क्रेट भरलेले पिकअप याच वाटांनी येतात. रस्ता त्यांना द्यायचा.

त्या पाटकरी काकांचा नंबर मी घेतला. आवर्तन कधी सुटणार आहे हे विचारायला फोन करतो. त्यांनी एकच अट घातली होती, वीस जणांना घेऊन यायचे असेल तर आदल्या दिवशी कळवायचे. परवा फोन केला तेव्हा म्हणाले, या आठवड्यात नको, भरावाचे काम चालू आहे, पुढच्या रविवारी या. साखळीला आता कुलूप बसवले आहे. त्याची किल्ली त्यांच्याकडे असते, आणि सायकल वरून उचलून पलीकडे ठेवता येते.